खुंटीपासून दोन पावलं

मास्तर: आणि हा डाग कसला? खाली डाव्या कोपऱ्यात? कागद खराब निघाला वाटतं.

बायको: कागद चांगला आहे. डाग कागदावर नाही, तळ्याच्या काठावर आहे.

मास्तर: काठावर? एकोणीस वर्षं मी त्या तळ्याचा फोटो काढतोय. माझ्या एकाही फोटोत असा डाग नाही.

बायको: नसेल.

मास्तर: नसेल काय? नाहीच! काढ ते सगळे फोटो आणि दाखव मला.

बायको: बरं, नाही. तो फोटो खाली ठेवा बघू. अजून पुरता वाळला नाही, अंगठा उमटेल.

मास्तर: मला शिकवतेस? या दुकानात फोटो वाळवायला तुला कुणी शिकवलं?

बायको: तुम्हीच.

मास्तर: मग! आणि उजेड बघ हा. भर दुपारचा. पाणी कसं दिसतंय, परातीत ओतून ठेवल्यासारखं.

बायको: तळ्याच्या समितीच्या कागदावर लिहिलंय, त्यांनी ठोकलेल्या खुंटीवर स्टँड लावून, दुपारी बारा ते एकच्या दरम्यान. सावल्या आखूड असतात, काठ स्वच्छ दिसतो. दरवर्षी तळं किती आटलं, काठ किती खचला, एवढंच तर त्यांना बघायचं असतं.

मास्तर: तो कागद खुर्चीत बसून लिहिलाय. तळ्याचा खरा उजेड सकाळचा, वारा उठायच्या आधीचा. अख्खं शिखर पाण्यात उलटं उतरतं तेव्हा. त्या एका घटकेसाठी मी दरवर्षी तीन-तीन दिवस वर बसायचो. तू किती बसलीस?

बायको: तासभर. फोटो झाला, उतरले.

मास्तर: तासभर! आणि बसलीस कशावर? माझी ताडपत्री तर माळ्यावरच आहे.

बायको: खुंटीलगतच्या दगडावर बसले.

मास्तर: तासभर दगडावर बसली आणि हिला पत्र आलं! वाच की परत, काय लिहिलंय त्यांनी.

बायको: सकाळपासून चारदा वाचलंत तुम्ही.

मास्तर: मला पाठच झालंय. ‘फोनवर पाठवलेला फोटो पाहिला. आजवर इतका नेमका फोटो आला नव्हता.’ आजवर! म्हणजे आजवर मी तिथं काय माशा मारत होतो?

बायको: तसं नसेल म्हणायचं त्यांना.

मास्तर: मला एकोणीस वर्षांत कधी पत्र नाही, साधी चिठ्ठी नाही. तरी माझा दुसऱ्या वर्षीचा फोटो समितीच्या साहेबांच्या खुर्चीमागे भिंतीवर आहे, एवढा मोठा. आता तो उतरवतील आणि तुझा लावतील.

बायको: माझा कशाला लावतील? माझ्यात शिखर अर्धंच आलंय पाण्यात. भिंतीवर लावायच्या लायकीचा नाहीच तो.

मास्तर: उगाच लाजू नकोस. मला कळतं सगळं. समोरचा शिंपी सकाळी काय म्हणाला? ‘फोटोवाल्या बाई आहेत का?’ मी काउंटरला उभा, आणि मलाच विचारतोय! पाटीवर नाव कुणाचं आहे?

बायको: त्याच्या ओळखपत्राचे फोटो मी कापून ठेवले होते, म्हणून मला विचारलं. काय हे, शिंप्यावरसुद्धा चिडायचं!

मास्तर: चिडत नाही. गुडघा गेलाय माझा, डोळे गेले नाहीत, एवढंच सांगतोय.

बायको: माहीत आहे मला. आता जरा आवाज कमी करा, तळ्यावरचे रखवालदार आलेत. या, भाऊ, आत या.

रखवालदार: नमस्कार वहिनी. मास्तर, गुडघा कसा आहे?

मास्तर: आहे तिथेच आहे. वाकत नाही. तू इकडे कुठे?

रखवालदार: उद्या समितीची बैठक आहे. मोठा फोटो मागे सही घेऊन हातोहात आणायला सांगितलंय. पाचच्या गाडीने परत निघतो.

मास्तर: हिची सही.

रखवालदार: वहिनींची, हो. फोटो त्यांनी काढला ना. मास्तर, खरं सांगतो, वहिनींना पाठवलंत ते फार बरं केलंत. गेटवर बूट घासून घ्यायचा नियम आहे ना, खालची माती, बिया तळ्यावर जाऊ नयेत म्हणून? लोक दोन हात मारतात ब्रशचे आणि चालायला लागतात. वहिनींनी केसातली पिन काढून तळव्याच्या खाचा कोरल्या! मी रांगेतल्या सगळ्यांना दाखवलं, म्हटलं बघा, याला म्हणतात बूट साफ करणं.

मास्तर: मी काय चिखलाचे बूट घेऊन जायचो?

रखवालदार: छे हो! तुमचे बूट बघायची माझी काय हिंमत? तुम्ही दिसलात की मी आधी गेट उघडायचो.

मास्तर: आणि हिला चहा पाजलास म्हणे चौकीत.

रखवालदार: उतरल्यावर घेतला अर्धा-अर्धा कप.

मास्तर: मला एकोणीस वर्षांत विचारला नाहीस.

रखवालदार: तुम्ही उतरायचा कधी, मास्तर? उजाडता वर जायचा आणि दिवस मावळल्यावर खाली. तोवर माझा स्टोव्ह विझलेला असायचा.

बायको: मी टाकते आता चहा, तिघांचा. बसा तुम्ही.

रखवालदार: नको वहिनी. आज घशाखाली काही उतरायचं नाही.

बायको: का? काय झालं?

रखवालदार: तुमच्या फोटोमुळे झालं. तुमचा दोष नाही म्हणा. पण त्यात डाव्या बाजूला काठावर उघडी माती दिसते. हे बघा, इथे. शेवाळाची गादी पार गेलीय.

मास्तर: म्हणजे डाग तो!

रखवालदार: डागच. समितीने मागचे एकोणीस फोटो काढून टेबलावर मांडले. एकातही ही माती नाही. म्हणाले, बघा, हे यंदाच झालं. म्हणजे रखवालदाराने माणसं पायवाटेवरून खाली उतरू दिली.

मास्तर: दिलीस का?

रखवालदार: मास्तर, तुम्ही तरी असं विचारू नका. दिवसाला पंधरा माणसं सोडतो मी, पंधराच्या पंधरा दगडांवरून चालतात. कुणी फोटोसाठी काठाकडे एक पाय टाकला की शिट्टी वाजवतो. पाण्यात हात बुडवू देत नाही, अंगाला लावलेली मलमं त्यात उतरतात. एकाने उडता कॅमेरा आणला, तो चौकीत ठेवून घेतला, भांडला माझ्याशी तासभर. हे शेवाळ एकदा दबलं की वर्षानुवर्षं उठत नाही, हे मी रोज पोपटासारखं बोलतो. आणि आता मीच बेफिकीर ठरलो.

बायको: मग काय करणार म्हणतात?

रखवालदार: उद्या ठरेल. नव्या माणसाच्या नेमणुकीचं पत्र टाइप करून ठेवलंय, मी डोळ्यांनी पाहिलं. सव्वीस वर्षं झाली मला तिथे. चौकीतून सामान हलवायचं झालं तर कुठे हलवू, हेच मला सुचत नाही.

मास्तर: थांब. थांब जरा. ही माती खुंटीपाशी आहे ना? काळ्या दगडाच्या आड?

रखवालदार: हो. पायवाटेवरून दिसतच नाही. मीही एरवी तिकडे जात नाही, उगाच कशाला तुडवायचं. खुंटीपर्यंत जायची परवानगी फक्त फोटो काढणाऱ्याला, तीही वर्षातून एकदा.

मास्तर: आणि यंदा कोण गेलं होतं?

बायको: मी गेले होते.

मास्तर: मग! मी नाव घेत नाही कुणाचं. पण नवीन माणूस, जागा माहीत नाही, स्टँड इकडे लाव, तिकडे लाव...

रखवालदार: नाही हो मास्तर! वहिनींबरोबर मी स्वतः होतो पायवाटेच्या टोकापर्यंत. दगडावरून गेल्या, दगडावरून आल्या. आणि तासाभरात गादी मरते का? खालचा थर कुजलाय, बऱ्याच दिवसांचा.

बायको: ऐकलंत?

मास्तर: बरं, ते सोड. पण जागा चुकली हे नक्की. हे बघ, शिखराचं टोक काळ्या दगडाला चिकटलंय हिच्या फोटोत. माझ्या फोटोत ते नेहमी सुटं असतं, मध्ये बोटभर आभाळ. म्हणजे ही भलतीकडेच उभी होती. भलतीकडून काढलेल्या फोटोत भलतंच दिसणार.

बायको: खुंटीवर ओळंबा सोडला होता मी. गवंडी सोडतात तसा. स्टँडच्या मधोमध दोरी, आणि खाली टोक खुंटीच्या डोक्यावर.

मास्तर: ओळंबा! मला नाही लागला कधी ओळंबा. तू ऐक रे, हिचा फोटो चुकीच्या जागेवरून आलाय, तो धरू नये, असं मी लिहून देतो. समितीत माझ्या शब्दाला अजून किंमत आहे. फोटो रद्द झाला की ‘हे यंदाच झालं’ हे म्हणणंच मिटलं. तुझी चौकी तुझ्याकडे.

रखवालदार: लिहून देता? खरंच? मास्तर, तुमचे पाय धरायचे बाकी ठेवलेत मी. वहिनी, तुम्हाला वाईट नाही ना वाटणार?

बायको: भाऊ, तुम्ही ती जागा मोजली का?

रखवालदार: मोजली, समितीनेच सांगितलं होतं. आठ फूट बाय सहा फूट. विचित्र आहे, चारी बाजू अगदी सरळ, आखल्यासारख्या. माणसांच्या पायांनी असं होत नाही, हे मी त्यांना सांगितलं, पण ऐकतंय कोण. मास्तर, तुम्ही लिहायला घ्या, मी समोरच्या दुकानातून लांब पाकीट घेऊन आलो.

(रखवालदार बाहेर जातो. मास्तर फोटो उचलतो, ठेवतो, पुन्हा उचलतो.)

मास्तर: आठ बाय सहा.

बायको: हं.

मास्तर: दुकानात ताडपत्र्या त्याच मापाच्या मिळतात. एक ती, आणि एक त्याहून मोठी. मी लहान घेतली होती, ओझं नको म्हणून.

बायको: हं.

मास्तर: हं काय? बोल की! एरवी तोंड बंद नसतं तुझं.

बायको: पहिल्या वर्षीचा फोटो काढू का? खालच्या खणात आहे.

मास्तर: नको. आठवतोय मला. टोक दगडाला चिकटलेलं. तेव्हा खुंटी ठोकणारा साहेब माझ्या डोक्यावर उभा होता, हलू देईना. रद्दी फोटो आला होता. पाण्यात अर्धंच शिखर.

बायको: माझ्यासारखा.

मास्तर: अगदी तुझ्यासारखा. म्हणून पुढच्या वर्षी दोन पावलं डावीकडे सरकलो. दोनच पावलं गं! आणि काय फोटो आला! साहेबांनी बोलावून चहा पाजला, भिंतीवर लावला. मग दर वर्षी तिथेच. ताडपत्री अंथरायची, कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, आणि बसायचं वाट बघत. तीन दिवस. अठरा वर्षं. माती माझ्याच खाली होती, मग माझ्या फोटोत कशी येणार?

बायको: नाहीच येणार.

मास्तर: तुला कधी कळलं?

बायको: खुंटीपाशी पोचले तेव्हाच.

मास्तर: आणि तीन आठवडे गप्प बसलीस? मी इथे डाग डाग करतोय, आणि तू मनातल्या मनात हसतेस?

बायको: हसू नाही आलं मला. तुमच्या ताडपत्रीचा एक कोपरा फाटला होता, आठवतं? मी ठिगळ लावलं होतं. तेव्हापासून तो कोपरा आत दुमडायचा. तेवढ्या कोपऱ्यात अजून थोडं हिरवं आहे. ते बघितलं आणि मला रडू आलं.

मास्तर: मग फोटोचा कोपरा कापून पाठवायचा होतास. एवढं तर येतं तुला. दिवसभर कापतच असतेस.

बायको: कापायचा नाही, असं लिहिलंय.

मास्तर: लिहिलंय, लिहिलंय! मी आता चार ओळी लिहिल्या की कुणाचंच काही बिघडत नाही. त्याची चौकी राहते. माझे फोटो राहतात. काय जातं सांग?

बायको: माझा फोटो जातो.

मास्तर: एकच तर आहे.

बायको: हो. एकच आहे.

मास्तर: आणि नाही लिहिलं तर माझे अठरा जातात. अठरा! ते म्हणतील, काठ मोजायचा होता, हा माणूस शिखराचे फोटो काढत बसला. पहिल्या वर्षीचा तो रद्दी फोटो तेवढा धरतील. म्हणजे माझा एक आणि तुझा एक. बरोबरीत आलीस की तू माझ्या, तासाभरात.

बायको: मी काही बरोबरी करायला गेले नव्हते. तुम्हीच पाठवलंत.

मास्तर: तेच तर. मीच पाठवलं. पुढच्या वर्षी पुढे जाशील.

बायको: पुढच्या वर्षी गुडघा बरा झाला तर तुम्ही जा.

मास्तर: कुठल्या तोंडाने? आणि मी आता सही केली, तुझा फोटो चुकीचा म्हणून, तर तू काय करशील?

बायको: काही नाही. पाटीवर नाव तुमचं आहे. चहा ठेवीन, ओळखपत्रांचे फोटो कापीन. वर मात्र जाणार नाही पुन्हा. मग जो जाईल त्याला खुंटीवरून तेच दिसेल. तेव्हा या रखवालदारांच्या जागी दुसरा कुणीतरी असेल, आणि त्याला घालवतील.

मास्तर: तू ना, आवाज न चढवता बोलतेस, तेच मला सहन होत नाही. आला बघ तो. पेन कुठे आहे?

रखवालदार: हे घ्या पाकीट. झालं का लिहून?

मास्तर: नाही झालं. बस. हिला लिहू दे, हिचं अक्षर बरं आहे. अक्षरसुद्धा हिचंच बरं! लिही गं. ‘समितीस. यंदाचा फोटो खुंटीवरून काढलेला असून बरोबर आहे.’

रखवालदार: बरोबर? मास्तर, अहो आत्ता तर...

मास्तर: मध्ये बोलू नकोस, ओळ तुटते. ‘पहिलं वर्ष सोडून पुढची अठरा वर्षं मी खुंटी सोडून दोन पावलं डावीकडे बसलो. खाली ताडपत्री अंथरत होतो. तिचं माप आठ बाय सहा.’ लिहिलंस?

बायको: लिहिलं.

मास्तर: ‘काठावरची माती त्या ताडपत्रीची आहे. रखवालदाराचा यात दोष नाही.’ खाली माझं नाव घाल, मी सही करतो.

रखवालदार: मास्तर... आठ बाय सहा... म्हणजे तुम्ही?

मास्तर: मीच. शिव्या द्यायच्या तर दे, गाडीला वेळ आहे.

रखवालदार: शिव्या काय देऊ? मला राग आलाय, ते खरं आहे. चार रात्री झोपलो नाही मी. पण फोटो काढताना रखवालदाराने शेजारी उभं राहायचं, असा माझाही नियम होता. मी कधी आलो नाही. म्हणायचो, मास्तरांना काय बघायचं? त्यांच्याइतकं त्या तळ्यावर कुणाचं प्रेम आहे?

मास्तर: होतं रे प्रेम. ते म्हणू नकोस की नव्हतं.

रखवालदार: नाही म्हणत. पण हे मी बैठकीत सांगू, की पाकीट नुसतं देऊ?

मास्तर: पाकीट दे. वाचतील ते. आणि माझा भिंतीवरचा फोटो उतरवला, तर परत आण. पुठ्ठ्याला वाळवी लागू देऊ नकोस.

बायको: ही माझी सही झाली, फोटोच्या मागे. आत जाड कागद घातलाय, दुमडू नका. आणि गाडी पकडा आता, पळा.

रखवालदार: येतो वहिनी. येतो, मास्तर. पुढच्या वेळी वर कुणीही या, पण शेजारी मी उभा असेन. सांगून ठेवतो.

बायको: गेले. चहा टाकू आता?

मास्तर: टाक. आणि ऐक. तासभर बसलीस म्हणालीस. दगडावर. पाण्यात शिखर नाही, उजेड दुपारचा. मग बघितलंस तरी काय तासभर?

बायको: सांगितलं तर चिडाल.

मास्तर: आता आणखी काय चिडणार? सांग.

बायको: काळ्या दगडाच्या फटीत एक पक्षीण बसली होती, अंड्यांवर. खुंटीवरून बरोबर समोर दिसते. वारा आला की डोळे मिटायची, थांबला की उघडायची.

मास्तर: माझ्या जागेवरून दगड आडवा येतो. फट दिसत नाही.

बायको: नसेल दिसत.

मास्तर: अठरा वर्षं तिथे असेल ती. ती, नाहीतर तिची आई. फोटो काढलास?

बायको: नाही. नुसतं मान वाकडी करून बघितलं. फोटोसाठी पुढे जावं लागलं असतं.

मास्तर: फोटोसुद्धा नाही! म्हणजे फक्त तुलाच माहीत.

बायको: हो, तसंच झालं.

मास्तर: चहा राहू दे जरा. इथे बस. रंग कसा होता तिचा, ते सांग.